‘आज सॅप डाउन होतं’

लिनक्सच्या जर्नलवर सरांची सही झाली, व्हायवा पार पडली की ती काळी स्क्रीन आपण विसरून जातो. लॅबबाहेर हे वापरतं कोण, असं तुमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलेलंच असतं. उत्तर हवं असेल तर घरी विचारा. बाबा, मावशी, काका, कुणीही मोठ्या कारखान्यात स्टोअर्सला किंवा अकाउंट्सला असेल, तर ‘आज सॅप डाउन होतं’ हे वाक्य तुमच्या कानावर पडलेलं असेल. कच्चा माल किती उरलाय, कुणाचं बिल थकलंय, पगारातून काय कापलंय, असा कंपनीचा सगळा हिशेब ठेवणारं जर्मन कंपनीचं हे सॉफ्टवेअर. क्लायंटचं सॅप सांभाळणं हेच पुण्या-मुंबईतल्या कित्येक आयटीवाल्यांचं रोजचं काम आहे.

आता गंमत बघा. सॅपचा नवा डेटाबेस ‘हाना’ फक्त लिनक्सवर चालतो. जुनं सॅप मात्र विंडोजवर, आयबीएमच्या एआयएक्सवर, एचपीच्या एचपी-यूएक्सवर, कुठेही चालायचं. या जुन्या सॅपच्या शेवटच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल २०२७ च्या अखेरीस थांबणार आहे. म्हणजे अनेक कंपन्यांना बिऱ्हाड हलवावंच लागणार. एचपी-यूएक्सवाल्यांची अवस्था तर पाडायला काढलेल्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंसारखी. ते ज्या इटॅनियम चिपवर चालायचं, तिची शेवटची खेप इंटेलने जुलै २०२१ मध्ये पाठवली. नेहमीचा सपोर्टही ३१ डिसेंबर २०२५ ला संपला.

मग करायचं काय, कॉपी-पेस्ट? तिथेच तर घोडं पेंड खातं. आपण १५ ऑगस्ट १५/०८ असा लिहितो, अमेरिकेत ०८/१५ लिहितात. तिथे फारसा गोंधळ होत नाही. पण ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे? एआयएक्स आणि एचपी-यूएक्सची मशिन्स आकडा साठवताना मोठा बाइट आधी ठेवतात, आणि ज्या इंटेल सर्व्हरवर आज बहुतेक लिनक्स चालतं, ती लहान बाइट आधी. त्यामुळे डेटाबेसच्या फाइल्स उचलून नुसत्या नव्या सर्व्हरवर ठेवल्या तर आकड्यांचा अर्थच बदलेल. सगळा डेटा बाहेर काढायचा, नव्या पद्धतीने परत भरायचा. वर्षानुवर्षांचा हिशेब असेल तर याला तासन्‌तास लागतात, आणि तेवढा वेळ कंपनीचं काम बंद. म्हणून हे सगळं शनिवार-रविवारी चालतं, आणि त्याआधी त्याच्या रंगीत तालमी होतात.

विंडोजवरून येणाऱ्यांना वेगळाच ताप. विंडोजला फाइलच्या नावात कॅपिटल काय आणि स्मॉल काय, सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइल्स वाटतात. कुणीतरी कधीकाळी लिहिलेली, रात्री रिपोर्ट बनवणारी छोटीशी स्क्रिप्ट इथे मान टाकते. ती लिहिणाऱ्याने नोकरी कधीच सोडलेली असते, हे वेगळं सांगायला नकोच!

सगळं नीट होतंच असं नाही. लंडन स्टॉक एक्स्चेंजची गोष्ट ऐका. त्यांची ट्रेडिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर होती. ८ सप्टेंबर २००८ ला, अमेरिकी सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ऐन धामधुमीत, तिथलं ट्रेडिंग जवळपास सात तास ठप्प झालं. खापर एकट्या विंडोजवर फोडणं सोपं आहे, पण एवढ्या मोठ्या सिस्टीममध्ये ऑपरेटिंग सिस्टीम हा फक्त एक थर असतो. २००९ मध्ये एक्स्चेंजने मिलेनियम आयटी ही श्रीलंकेतली कंपनीच विकत घेतली आणि तिची लिनक्सवर चालणारी सिस्टीम आणायचं ठरवलं. आधी समूहाच्याच टर्कॉइज या छोट्या बाजारात ती बसवली. नोव्हेंबर २०१० मध्ये तो बाजार बंद पडला आणि मुख्य बाजाराची तारीख पुढे गेली. शेवटी मुहूर्त लागला १४ फेब्रुवारी २०११ चा. हो, व्हॅलेंटाइन डे! अकराच दिवसांत, २५ फेब्रुवारीला, नवी सिस्टीमही सुमारे चार तास बंद होती. तरी एक्स्चेंज मागे फिरलं नाही.

त्यामुळे ‘लिनक्स म्हणजे फुकट आणि कधीच बंद पडत नाही’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. कंपन्या रेड हॅटला किंवा सुसेला सपोर्टचे पैसे दर वर्षी मोजतात. हाना स्वतः ओपन सोर्स नाहीच, म्हणजे पाया खुला आणि वरच्या मजल्याला कुलूप! मग फायदा काय? माझ्या मते तो मालकाने हात वर केल्यावर कळतो. रेड हॅटचा आधार असलेलं सेंटओएस अनेक जण फुकट वापरायचे. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल या हिशेबाने लोकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, ती २०२१ च्या अखेरीसच बंद. लोक प्रचंड भडकले. पण कोड खुला होता, त्यामुळे २०२१ मध्येच रॉकी आणि अल्मा ही दोन लिनक्स उभी राहिली आणि लोक तिकडे गेले. एचपी-यूएक्सवाल्यांना ही सोय नव्हती. कोड कंपनीकडे, चाव्याही कंपनीकडे.

यात काम फक्त कोडवाल्यांना आहे असं समजू नका. डेटा हलवल्यावर जुन्या आणि नव्या सिस्टीममधली बिलं तेवढीच आहेत का, बाकी रुपया-पैशापर्यंत जुळते का, हे तपासावं लागतं. यात बी.कॉम.वाला इंजिनीअरपेक्षा सरस ठरू शकतो, कारण कुठला आकडा चुकलाय हे त्याला बघताक्षणी कळतं. सोमवारी सकाळी गेटवर ट्रक उभे असताना ‘चालू करा’ म्हणायचं की जुन्यावर परत जायचं, हा निर्णय याच आकड्यांवर होतो.

करून बघायला कंपनी लागत नाही. तुमचा सेमिस्टरचा प्रोजेक्ट विंडोजवर असेलच. व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू टाका, ते फुकट आहे. डेटाबेस एक्स्पोर्ट करून तिकडे इम्पोर्ट करा, प्रत्येक टेबलमधल्या ओळी दोन्हीकडे मोजा आणि प्रोजेक्ट चालवा. बहुधा पहिल्यांदा एखाद्या फोटोच्या फाइलचं नाव दगा देईल, कॅपिटल-स्मॉलवरून. आणि आकडे जुळेपर्यंत विंडोजवरचा जुना फोल्डर डिलीट करू नका.