आगकाड्यांची मौज आणि पुराव्याची गोष्ट



विकिपीडियाचं नाव आता घरोघरच्या शाळकरी मुलांच्या तोंडी असतं. हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यात तुम्ही-आम्ही, कोणीही लिहू शकतो. एक महत्त्वाची अट म्हणजे लिहिलेल्या माहितीला संदर्भ हवा, म्हणजे ती कुठून घेतली ते दाखवता आलं पाहिजे. हा संदर्भ पारखायचा कसा, ते आज एका चित्रपटावरून पाहू.

दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची एक छोटी फिल्म केली होती. तिचं साल बहुतेक ठिकाणी १९१५ दिलेलं असतं. कृती अशी: काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा एक चित्र. ही चित्रं भराभर दाखवली की काड्या आपोआप हलताना दिसतात. मूकपटात सेकंदाला साधारण सोळा चित्रं धरली, तर एका मिनिटाला साडेनऊशेच्या वर चित्रं लागतात. केवढा धीराचा प्रयोग!

पण ही फिल्म आज उपलब्ध नाही. मग तिच्यावर लेख लिहायचा तर विश्वास कशावर ठेवायचा?

पहिला प्रश्न, सांगणाऱ्याला हे कुठून कळलं? दहा वेबसाइटांवर तेच वाक्य असेल, तर ते दहा पुरावे नव्हेत. बैठकीत दहा जणी म्हणाल्या, “तिनं हप्ता भरलाय,” आणि दहाही जणींनी ते तिच्याच तोंडून ऐकलं असेल, तर साक्ष एकच झाली. आपण पासबुक मागतोच ना?

दुसरा प्रश्न, सांगणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ आहे का? फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात आपल्या कामाविषयी लेख लिहिले. त्यांच्या मनात काय होतं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? पण फिल्म चांगली होती की नाही, हे दुसऱ्या कोणी सांगायला हवं. आपल्या लोणच्याची तारीफ गिऱ्हाइकानं केलेली बरी!

तिसरा प्रश्न, ‘पहिला’ म्हणजे नक्की कशातला पहिला? भारतातला पहिला ॲनिमेशनपट म्हणून कुणी फाळक्यांच्या काड्यांचं नाव घेतं, तर कुणी १९३४ च्या कोलकात्याच्या ‘पी ब्रदर्स’चं. त्याच साली आपल्या पुण्याच्या ‘प्रभात’नं ‘जंबू काका’ हे व्यंगचित्रपट केलं. काड्या हलवणं वेगळं आणि चित्रं काढून ती हलवणं वेगळं. अशा वेळी एकाचीच बाजू उचलून धरायची नाही. कोण काय म्हणतं, ते नावानिशी लिहायचं.

अशा शोधासाठी पुणेकरांना दूर जायला नको. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. तिथं फिल्मांबरोबर जुनी पुस्तकं, जाहिराती, छायाचित्रंही जपलेली आहेत.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, ती रसायनात धुवायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. हे लोकांनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. मनात येतं, काड्या सरकवायलाही त्या बसल्या असतील. पण ‘असतील’ला ज्ञानकोशात जागा नाही, आपल्याला कितीही वाटलं तरी.

हा नियम बायकांना जास्त जाचतो, कारण आपलं काम कागदावर येतच नाही. म्हणून नियम मोडायचा नाही, कागद वाढवायचा. ‘गटानं केलं’ एवढ्यावर थांबू नका. इतिवृत्तात कुणी केलं, कधी केलं, तेही लिहा. फोटोमागे नावं आणि तारीख टाका. गटाची वही लगेच विकिपीडियाचा संदर्भ होत नाही, त्याला प्रकाशित झालेला मजकूर लागतो. पण उद्या कुणी बातमी किंवा पुस्तक लिहायला बसलं, तर ते आधी आपली वहीच मागेल. त्या वहीत नाव असू द्या.