खरे पैसे, खोटी खोली

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं, आपल्या जिल्ह्यांतील घराघरांतून प्रवासाचे बेत होऊं लागतात. औंढा नागनाथ व नर्सी नामदेव हीं तर आपल्या अंगणांतील क्षेत्रें. तेथें जाऊन सायंकाळीं घरीं परत येतां येतें. परंतु शिर्डी, पंढरपूर, शेगांव येथें जावयाचें किंवा कोंकणचा समुद्र पाहावयाचा म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीं करावी लागते. पूर्वीं हें काम ओळखीच्या माणसास पत्र घालून होत असे; आतां तें हातांतील मोबाईलवर पांच मिनिटांत होतें. ही सोय मोठीच आहे व तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या सोयीच्या वाटेवर ठकही येऊन बसले आहेत. त्यांच्यापासून सावध कसें राहावें, याविषयीं विद्यार्थी व पालक यांच्यापुढें चार शब्द मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही फसवणूक घडते कशी, तें प्रथम पाहूं. समजा, वसमतजवळच्या गांवचें एक कुटुंब हळद विकून आलेल्या पैशांतून देवदर्शनास जाण्याचें ठरवितें. घरांतील मुलगा गूगलवर देवस्थानाच्या भक्तनिवासाचें नांव लिहितो आणि जें संकेतस्थळ सर्वांत वर दिसतें तेंच उघडतो. त्यावर देवळाचें खरें छायाचित्र, खोल्यांचीं सुंदर चित्रें व एक मोबाईल क्रमांक असतो. फोन लावितांच पलीकडून आवाज येतो, "नमस्कार माऊली! गर्दी फार आहे, एकच खोली उरली आहे. अर्ध्या तासांत पैसे भरा, नाहीं तर दुसऱ्यास द्यावी लागेल." व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड येतो, पैसे जातात, शिक्क्याची पावतीही मिळते. थोड्या वेळानें "अनामत रक्कम राहिली" म्हणून निरोप येतो, आणि मग "अनामत परत करावयाची आहे, त्यासाठीं पिन घाला" असा दुसरा. शेवटीं कुटुंब क्षेत्राच्या गांवीं पोंचतें, तेव्हां खऱ्या भक्तनिवासाच्या खिडकीवर त्यांच्या नांवाची नोंदच नसते व तो क्रमांक बंद असतो. रात्रीचे दहा वाजलेले, बरोबर म्हातारी आजी व लहान मुलें, आणि गांव परकें! गेलेल्या पैशांपेक्षां ती रात्रच अधिक जड जाते.

हें कुटुंब कल्पनेंतील असलें तरी फसवणूक कल्पनेंतील नव्हे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानें एप्रिल २०२५ मध्यें यात्रेकरू व प्रवासी यांस जाहीर इशारा दिला. केदारनाथचें हेलिकॉप्टर, चारधाम यात्रेंतील अतिथिगृहें व हॉटेलें, भाड्याच्या मोटारी आणि सहलींचे करार यांच्या नांवानें खोटीं संकेतस्थळें, फेसबुकवरील जाहिराती व गूगलवरील विकत घेतलेल्या जाहिराती यांतून लोक नाडले जात आहेत, असें त्यांत म्हटलें होतें.

अशा रीतीनें फसणारा मनुष्य अडाणीच असतो असें नाहीं. ठक आपल्या अज्ञानापेक्षां आपल्या घाईवर अधिक भिस्त ठेवतो. आपल्या हळदीच्या बाजारांत व्यापारी नुसतें पोतें पाहून बोली करीत नाहीं. तो हळकुंड हातांत घेतो, मोडून आंतील रंग पाहतो, आणि मगच भाव बोलतो. खोलीच्या बाबतींत मात्र आपण चित्र पाहूनच पैसे मोजून टाकितों. येथेंही आधीं पारख व मग पैसा, हाच क्रम राखिला पाहिजे. ती पारख कशी करावी तें आतां सांगतों.

पहिली गोष्ट, संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचावा. आरंभींच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढें जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगत डावीकडील दोन-तीन शब्द हेंच त्या स्थळाचें खरें आडनांव होय. त्याच्याही डावीकडे कोणीही कोणाचेंही नांव जोडूं शकतो. म्हणून पत्त्यांत कोठेंतरी देवस्थानाचें नांव दिसलें एवढ्यानें भुलूं नये. 'जी-ओ-व्ही डॉट इन' हा शेवट सरकारी कचेऱ्यांसच मिळतो. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' हा कोणासही विकत घेतां येतो. पत्त्याजवळील कुलपाच्या चिन्हाविषयींही पुष्कळांची गैरसमजूत आहे. आपला मजकूर वाटेंत कोणी वाचूं शकणार नाहीं, एवढेंच तें चिन्ह सांगतें; पलीकडे बसलेला सज्जन आहे कीं चोर, हें सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट, शोधांत जें सर्वांत वर दिसतें तें सर्वांत खरें असतें असें नाहीं. 'प्रायोजित' असा शब्द जेथें असेल, ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे असें समजावें. नकाशावरील दूरध्वनि क्रमांकही पारखून घ्यावा. २०१८ सालीं गूगलच्या नकाशावरील बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे क्रमांक ठकांनीं बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर विभागाकडे आल्या होत्या. म्हणून देवस्थान, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ किंवा हॉटेल यांच्या मूळ संकेतस्थळावरून क्रमांक घ्यावा, व आपण होऊन फोन करून खोलीची चौकशी करावी. नुकताच तेथें जाऊन आलेला शेजारी असेल, तर त्यास विचारण्यांत कसलाही कमीपणा नाहीं.

तिसरी गोष्ट पैशाची. यूपीआयनें पैसे देतांना पिन घालण्यापूर्वीं घेणाऱ्याचें नांव पडद्यावर दिसतें. संस्थेच्या जागीं भलत्याच व्यक्तीचें नांव दिसलें तर हात तेथेंच थांबवावा. पिन घालणें हें पैसे देण्यासाठीं असतें. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. "पैसे परत मिळण्यासाठीं पिन घाला" असें जो म्हणतो तो ठक, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. शक्य तेथें पैसे पोंचल्यावर देण्याचा करार करावा. अनोळखी माणसानें व्हॉट्सॲपवर पाठविलेलें ॲप मोबाईलवर चढवूं नये.

एवढें करूनही कोणी फसलाच, तर एक घटकाही दवडूं नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा, आपल्या बँकेस कळवावें, आणि 'सायबरक्राईम डॉट जी-ओ-व्ही डॉट इन' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. हें स्थळ ऑगस्ट २०१९ पासून चालू आहे. ठक मिळालेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत व तेथून तिसऱ्यांत भराभर हलवितात. ती बाहेर काढली जाण्यापूर्वीं सूचना पोंचली तर बँकेस ती अडवितां येते. व्यवहाराचा क्रमांक, संदेश व पावती पुसून न टाकतां जपून ठेवावीं. तोतयेगिरी करून मोबाईल वा संगणकाच्या द्वारें फसविणारास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पुढें "तुमचे पैसे सोडवून देतों, थोडी फी भरा" असा फोन आला, तर ती दुसरी फसवणूक समजावी.

आतां शेवटचें सांगणें, आणि तेंच आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. आपल्याकडे पुष्कळ घरांत पैसा वडिलांचा असतो, पण मोबाईल वाचून दाखविणारा शाळेंत जाणारा मुलगा किंवा मुलगी असते. हात चुकला कीं तें मूल भयानें गप्प बसतें, आणि त्या गप्प बसण्यांतच पैसा हाताबाहेर जातो. विद्यार्थ्यांनो, पैसे भरण्यापूर्वीं घरांतील एका वडील माणसास पडदा दाखवा, व चूक झाली तर त्याच क्षणीं सांगा. पालकांस आमची विनंती कीं, मूल सांगावयास आलें तर आधीं १९३० वर फोन लावावा. रागावण्यास पुढें पुष्कळ वेळ आहे. पैसा अडविण्यास मात्र फारच थोडा. सर्वांची सुटी सुखाची जावो, आणि प्रत्येकास रात्रीच्या मुक्कामाचें दार उघडें मिळो, हीच आमची इच्छा.