ब्रेक पेडलचा कडकपणा, जुन्या मोटारगाडीतील
ब्रेक लावताना पेडलवर नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक जोर द्यावा लागणे व तरीही गाडीचा वेग पुरेसा कमी न होणे. पेडल मऊ लागून खाली जात असेल, तर ब्रेकच्या द्रवात हवा शिरलेली असते किंवा द्रव गळत असतो. कडक पेडलची कारणे निराळी असतात. हा कडकपणा गाडीच्या रचनेतच आहे की दोषामुळे आलेला आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

मॉरिस ऑक्सफर्ड (तिसरी मालिका, १९५६) व तिच्यावर आधारलेली हिंदुस्थान अँबॅसडरची सुरुवातीची प्रतिमाने यांच्या द्रवीय ड्रम ब्रेकना साहाय्यक नव्हता. चालकाच्या पायाचा जोरच चाकांपर्यंत पोहोचत असल्याने अशा गाडीचे पेडल निर्दोष असतानाही जड लागते. पुढे तबकडी ब्रेकच्या प्रसाराबरोबर अनेक गाड्यांत सर्व्हो म्हणजे निर्वात साहाय्यक आला.

या साहाय्यकात रबरी पडद्याने विभागलेले दोन कक्ष असतात. इंजिनाच्या आदान नळीतील अंशतः निर्वात एकमार्गी झडपेतून त्यांना मिळतो. पेडल दाबताच मागील कक्षात बाहेरची हवा शिरते व पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २० सेंमी. (क्षेत्रफळ सु. ३१४ चौ. सेंमी.) आणि दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक पाऱ्याच्या ५०० मिमी. स्तंभाइतका असल्यास सु. २०० किग्रॅ. भाराइतका जोर मिळतो. निर्वात नाहीसा झाला की हा सर्व भार पायावर पडतो.

परीक्षा : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठलेला निर्वात संपतो. नंतर पेडल दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर साहाय्यक कार्य करीत आहे असे समजावे. तसे न झाल्यास भेगाळलेली वा आतून चिकटलेली निर्वात नळी, अडकलेली झडप, फाटलेला पडदा व इंजिनाचा अपुरा निर्वात ही कारणे याच क्रमाने तपासावीत.

साहाय्यक ठीक असूनही किंवा मुळात नसताना पेडल पूर्वीपेक्षा कडक झाले असेल, तर पेडलचा गंजलेला सांधा, सिलिंडरात अडकलेला दट्ट्या, आतून फुगलेली रबरी नळी किंवा चकचकीत झालेले अस्तर हे दोष संभवतात. नळी फुगल्यास पाय काढल्यावरही चाक मोकळे होत नाही. चुकून खनिज तेल घातल्यास रबरी भाग फुगतात. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असू शकते, म्हणून त्यांची धूळ फुंकून उडवू नये.

साहाय्यक असलेली गाडी घाटाच्या उतारावर इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून सोडणे धोक्याचे असते. साठलेला निर्वात काही वेळा ब्रेक लावताच संपतो व त्यानंतर निर्दोष गाडीचे पेडलही एकाएकी कडक होते.