बालकाचे वजन व औषधाची मात्रा

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे मागे पडले, की रोहे येण्यापूर्वी निडी हे एक लहानसे स्थानक लागते. अंबा आणि कुंडलिका या दोन नद्यांच्या मधला हा टापू भातशेतीचा आहे. पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांतील डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या आहेत. आणि दगडी बांध, सरपणाच्या मोळ्या, कौलांच्या सांदी, वीटभट्टीवरील विटांच्या थप्प्या, अशा ज्या ज्या ठिकाणी खेळणाऱ्या मुलाचा हात सहज जातो त्या त्या ठिकाणी तांबड्या विंचवाचेही वास्तव्य आहे. बालकांच्या औषधयोजनेतील सुरक्षितता हा विषय मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा, अशी आपली समजूत असते. परंतु या विषयाचा जगाने दखल घेतलेला एक धडा याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात, एका ग्रामीण वैद्याने घालून दिला, आणि तो धडा विंचवाच्या दंशाचाच होता.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ होऊन दवाखान्यात आलेल्या रुग्णांपैकी शंभरांत चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा असे. विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशींवरील सोडियमची द्वारे उघडी ठेवते. त्यामुळे शरीराच्या अनैच्छिक मज्जासंस्थेत एकच वादळ उठते, प्रथम वांत्या आणि घामाच्या धारा सुरू होतात, आणि मागोमाग रक्तात उत्तेजक संप्रेरकांचा पूर लोटून रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, हृदयावर असह्य भार येतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते. त्या काळी अशा मुलाला ॲट्रोपिन किंवा गुंगीच्या औषधांचे मिश्रण टोचण्याचा शिरस्ता होता. हेतू शुद्ध असला, तरी ॲट्रोपिनने आधीच धावणारे हृदय अधिक धावे आणि गुंगीच्या मिश्रणाने खरी लक्षणे झाकली जात. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हाच खरा उपाय असे ताडले, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, तोंडाने घेण्याचे औषध त्या कामी योजले. त्यांचा व त्यांच्या सहधर्मचारिणी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा या विषयावरील लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. हाफकिनच्या विंचूदंशावरील प्रतिविषाची प्राझोसिनला जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सुधारतो, हेही २०११ साली ७० रुग्णांच्या चाचणीवरून त्यांनी दाखविले. आणि २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे, आणि सांगितली जावी अशीच ती आहे. पण तिच्यातील जो भाग औषधशास्त्राचा, किंबहुना औषध देणाऱ्या हाताचा आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बालकासाठी प्राझोसिनची मात्रा ठरली ती वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे १० किलो वजनाच्या बालकाला ३०० मायक्रोग्रॅम, अर्थात मिलिग्रॅमच्या एकतृतीयांशाहूनही किंचित कमी. साधी गोळी १ मिलिग्रॅमची असेल तर तिचे दोन तुकडे मधल्या रेघेवरून होतात. तीन समान तुकडे कोणत्याही सुरीने होत नाहीत. गोळीचे वस्त्रगाळ चूर्ण करून, ते एकजीव मिसळून, मोजून, त्यातला नेमका हिस्सा बालकाच्या पोटात जाईल अशी तजवीज करणे, हे औषधनिर्मात्याचे जुने आणि खरे कसब आहे. बाजारात मात्र प्राझोसिनच्या २.५ व ५ मिलिग्रॅमच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्याच बहुधा सहज मिळतात. घाईत अशी ५ मिलिग्रॅमची गोळी कुटून दिली, तर जे औषध दिवसभरात हळूहळू झिरपायचे ते एकदम रक्तात उतरेल, आणि १० किलोच्या बालकाला नियत मात्रेच्या सोळापटींहून अधिक औषध मिळेल. शिवाय, प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब अकस्मात घसरू शकतो, म्हणून बालकाला निजवूनच ठेवावे, वात्सल्याने उचलून खांद्यावर घेऊ नये, ही सूचना आईला देणारे कोणी तरी तेथे असावे लागते. तारक औषध कोणते हे ठाऊक असणे आणि ते तारक ठरेल अशा रीतीने देणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत; आणि दुसरीचा आपण अद्याप पुरेसा आदर केलेला नाही.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे तत्त्व वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन मान्य केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग या इंग्रज वैद्याने (प्रकाशाच्या तरंगसिद्धान्तासाठी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ज्याचे नाव येते तोच हा यंग) बालमात्रेचे एक सूत्र दिले: मुलाच्या वयाला वय अधिक बारा या संख्येने भागावे आणि येणाऱ्या अपूर्णांकाइतका प्रौढ मात्रेचा हिस्सा मुलाला द्यावा. आपल्याकडेही सहाणेवर बाळघुटी उगाळताना वेढे वयानुसार वाढवीत नेण्याचा जाणत्या स्त्रियांचा रिवाज होताच. दोन्हींच्या मुळाशी मोजण्याची सद्बुद्धी होती. परंतु वय हे शरीराच्या घडणीचे फार ढोबळ माप आहे. नवजात अर्भकाच्या शरीरात पाणी शेकडा ७५च्या आसपास असते, प्रौढात ६०च्या. त्याचे यकृत औषधांचे विघटन करण्यास पुरते सिद्ध झालेले नसते, आणि त्याच्या मूत्रपिंडांना प्रौढाच्या बरोबरीने काम करू लागण्यास साधारण वर्ष लागते. म्हणूनच जेंटामायसिनसारखे औषध नवजाताला दर किलोमागे भरघोस मात्रेत द्यावे लागते, पण दोन मात्रांमधले अंतर मात्र लांबवावे लागते. क्लोरॅम्फेनिकॉल या एकेकाळच्या लोकप्रिय प्रतिजैविकाने नवजात अर्भके राखेसारखी करडी पडून दगावत असल्याचे १९५९ साली उघडकीस आले, तेव्हा औषध शुद्ध होते, रोगनिदानही योग्य होते. ते पचविणारे यकृत तेवढे तयार नव्हते.

आता निडीच्या परिसरातले एक साधे गणित मांडतो, कारण या साऱ्या शास्त्राचा कस तेथेच लागतो. तीन वर्षांच्या सुपोषित मुलाचे वजन सुमारे १४ किलो असते. वीटभट्टीवर आईबापांबरोबर हंगामभर हिंडणाऱ्या त्याच वयाच्या कुपोषित मुलाचे वजन १० किलोही भरत नाही, असे घडते. तापावरच्या पॅरासिटामॉलची मात्रा दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. या औषधाची पातळ रूपे दुकानात किमान तीन ताकदींची असतात: ५ मिलिलिटरमध्ये १२० वा १२५ मिलिग्रॅमचे सिरप, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे सिरप, आणि तान्ह्यांसाठी असलेले थेंब, ज्यांच्या एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. 'तीन वर्षांचा आहे, एक चमचा द्या' एवढ्या सांगण्यावर त्या १० किलोच्या मुलाला २५० मिलिग्रॅमच्या बाटलीतून एक चमचा दिला गेला, तर त्याला दर किलोला २५ मिलिग्रॅम मिळतात. दिवसातून चार वेळा तसेच घडले तर १००. आणि उपासमारीने ज्याच्या यकृतातील विषनाशक साठा आधीच आटलेला असतो अशा बालकाला हा भार सोसणारा नसतो. थेंबांची बाटली तान्ह्यांची म्हणून सौम्य, हा समज तर सर्वांत घातक, कारण मात्रा लहान करता यावी म्हणून ती मुद्दाम अधिक तीव्र केलेली असते. तिच्यातून चमचाभर दिले तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढाची संपूर्ण गोळी, पोटात जाते. घरचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर नव्हे, हे निराळे सांगावयास नको. बाटलीबरोबर मिळणारे मापाचे टोपण अथवा सुईविरहित पिचकारी हेच खरे माप.

अशी चूक केवळ अशिक्षितांकडून होते असे मानणे अन्यायाचे होईल. बोस्टनमधील दोन नामांकित अध्यापन-रुग्णालयांतील १,१२० बालरुग्णांच्या १०,७७८ औषध-आदेशांची तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत ६१६ चुका आढळल्या, आणि इजा होऊ शकेल अशा चुकांचे प्रमाण प्रौढांच्या तिप्पट दिसले. कारण उघड आहे. प्रौढाची मात्रा बहुधा एकच आणि ठरलेली. बालकाची प्रत्येक मात्रा नव्याने गुणाकार करून काढावयाची, आणि त्या गुणाकारात दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. शून्य न लिहिता नुसते बिंदू देऊन लिहिलेला तीन दशांश घाईच्या नजरेला तीन दिसतो. प्रौढाला दहापट मात्रा द्यावयाची तर गोळ्यांचा ढीगच हाती येईल आणि देणाऱ्याचा हात आपोआप थांबेल. बालकाची दहापट मात्राही एका पिचकारीत सहज मावते, आणि मनात संशयदेखील येत नाही.

महाराष्ट्रानेही असे प्रसंग पाहिले आहेत. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी येथे, पोलिओच्या लशीऐवजी १२ बालकांच्या तोंडात हात निर्जंतुक करण्याच्या द्रावाचे थेंब पडले. मुले बचावली. संबंधित कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, आणि हयगयीची जबाबदारी ठरविणे आवश्यकही होते; परंतु दोन भिन्न द्रव शेजारी शेजारी ठेवले जातात, आणि थेंब टाकण्यापूर्वी कुपीवरील नाव मोठ्याने वाचण्याचा दंडक पाळला जात नाही, ही व्यवस्थेची उणीव निलंबनाच्या हुकुमाने भरून येत नाही. जी व्यवस्था कर्मचारी कधीच थकणार नाही या गृहीतावर उभी असते, ती मुलांसाठी सुरक्षित नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधच विष असेल तर काय, हा प्रश्न येथे कोणीही विचारील. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेच द्रव्य २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात शेकडा ४८.६ इतके सापडले. मर्यादा शेकडा ०.१ची आहे. मध्य प्रदेशातील, बहुतांशी छिंदवाडा जिल्ह्याची, वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि त्यांतील कित्येकांनी उपचारांसाठी आणले असता नागपुरात प्राण सोडला. बाटलीतले हे विष डोळ्यांना दिसत नाही, आणि ते शोधणे हे कारखान्याच्या प्रयोगशाळेचे व सरकारी औषध-निरीक्षकाचे कर्तव्य आहे. दुकानदाराच्या माथी ते मारता येणार नाही. तथापि एक गोष्ट दुकानातही करण्याजोगी होती आणि आहे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा केंद्रीय आदेश डिसेंबर २०२३ पासूनच होता, आणि कोल्ड्रिफमध्ये हीच द्रव्ये होती. 'मूल केवढे आहे?' हा एकच प्रश्न विचारून बाटली फळीवर परत ठेवणारा औषधनिर्माता विष ओळखू शकला नसता, पण त्याने ते घरात जाऊ दिले नसते.

१९४८च्या औषधशास्त्र अधिनियमाने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यापुरता राखून ठेवला. २०१५च्या व्यवसायविषयक विनियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरविले. प्रत्यक्षात भिंतीवर दाखला एकाचा आणि गल्ल्यापाशी दुसराच कोणी, हे दृश्य आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही गैर आहे असेही वाटेनासे झाले आहे. याच जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतून औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांनी कारखान्याचीच वाट धरावी असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकाऱ्याने बालरुग्णाची प्रत्येक चिठ्ठी वजनाशी ताडून पाहावी, जुळत नसल्यास ती वैद्याकडे परत पाठवावी, आणि असे परत पाठविणे हा उद्धटपणा न मानता त्याच्या विद्येचा भाग मानला जावा. या व्यवसायाचे खरे श्रेष्ठत्व मला यात दिसते.

यासाठी कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नाही. मुलाचे वजन अंगणवाडीत नियमित केले जाते, नोंदवहीत लिहिले जाते, आणि माता व बाल संरक्षण कार्डावर त्याचा आलेख असतो. तो आकडा दवाखान्याच्या चिठ्ठीवर आणि तेथून औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचत नाही, एवढीच अडचण आहे. म्हणून निडीच्या, नागोठण्याच्या, रोह्याच्या आणि पेणच्या मातापित्यांना माझी विनंती आहे, की मुलाला दवाखान्यात नेताना ते कार्ड बरोबर घ्यावे, डॉक्टरांना चिठ्ठीवर वजन लिहिण्यास सांगावे, आणि दुकानातून बाटली हाती घेतल्यावर माझ्या मुलाच्या वजनाला यातले किती मिलिलिटर आणि किती तासांनी, हे विचारल्याखेरीज पायरी उतरू नये.