सकाळचा उतारा

आमच्या वरकुट्याकडे ‘उतारा’ हा शब्द रोज दोन अर्थांनी कानावर पडतो. एक तलाठ्याकडचा, सातबाऱ्याचा. दुसरा रात्रीची उतरायला लागली की सकाळी सहाला घेतलेला घोट. दुसऱ्यापायी पहिल्यावरचं नाव बदललेलं मी इंदापूर तालुक्यात आणि शेजारच्या बारामतीतही पाहिलं आहे, म्हणून या विषयावर हसत लिहिणं मला जमत नाही.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. फाट्यावरच्या टपरीत ओळखीचा एक ट्रॅक्टरवाला बसला होता. बाहेर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या. कपातला चहा बशीत ओतताना हाताला असा कंप, की बशीपेक्षा बाकड्यावरच जास्त सांडला. ओठ सुकलेले, डोळे तांबारलेले. “डोकं नुसतं ठणकतंय दादा. जरासा उतारा मिळाला की गडी सरळ हुतोय,” म्हणाला. आणि खरोखरच अर्ध्या तासानं तो सरळ झालेला दिसला. उताऱ्याची ख्याती टिकते ती या अर्ध्या तासामुळे.

हिशेब मांडून पाहू. आपल्याकडच्या देशी दारूत 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 180 मिलीची एक चपटी म्हणजे जवळपास 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साधारण माणसाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅमच निकालात काढतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली चपटी अंगातून जायला सकाळचे सहा वाजतात. दोन चपट्या असतील तर दुपार उलटते. काळ्या कॉफीनं किंवा गार पाण्याच्या अंघोळीनं हा वेग वाढत नाही. झोप झाली, चहा झाला, आता गाडी चालवायला हरकत नाही, असं समजणारा पुष्कळदा नशेतच स्टिअरिंगला बसलेला असतो.

रक्तातलं अल्कोहोल शून्याजवळ येतं, नेमका तेव्हाच त्रास शिगेला पोचतो. यकृत अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, आणि ते मूळ दारूपेक्षा जास्त विषारी असतं. मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दारूनं दबतं, म्हणून रात्रभर लघवीला जावं लागतं आणि सकाळी घशाला कोरड पडते. जठराचं अस्तर चिडतं. उपाशीपोटी प्यायलेल्याच्या रक्तातली साखर उतरते, कारण यकृत दारूच्याच मागे लागलेलं असतं. झोप लागते लवकर, पण उत्तररात्री ती तुकड्या-तुकड्यांची होते. शिवाय शरीरात दाह उठतो, तापात अंग मोडून येतं तसा. अशा अंगानं कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणाऱ्याचं दुपारच्या उन्हात काय होत असेल!

दारू कोणती, यानंही फरक पडतो. आंबवताना अल्कोहोलबरोबर इतरही रसायनं तयार होतात. गडद रंगाच्या दारूत ती जास्त असतात आणि डोकंही जास्त धरतं. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचं कौतुक होतं, तिच्यात ॲसिटाल्डिहाइडसारखी आधी उकळून येणारी द्रव्यं सर्वांत जास्त असतात. कारखान्याच्या मळीपासून स्पिरीट काढणाऱ्या डिस्टिलरीत हाच पहिला भाग वेगळा काढतात. हातभट्टीवर त्यालाच जास्त मान!

पण मुंबईत डिसेंबर 2004 मध्ये विक्रोळीला आणि जून 2015 मध्ये मालवणीला विषारी दारू पिऊन माणसं गेली, ती मिथेनॉलनं. एकट्या मालवणीत शंभरावर बळी गेले. मिथेनॉलचा खरा घाव बारा ते चोवीस तासांनी दिसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं, रात्रीची उतरली नाही अजून. नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे पांढरं दिसू लागलं, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर एक क्षणही घरी थांबू नका. डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा. पिऊन पडलेल्याच्या डोक्याला मार लागला असेल आणि तो नीट जागा होत नसेल, तरीही तेच.

उपायांचा शोध जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मद्याच्या विकारांमध्ये ‘परमद’ आणि ‘पानाजीर्ण’ अशी नावं आहेत. शार्ङ्गधरानं सांगितलेल्या खर्जूरादि मंथात खजूर, द्राक्षं, डाळिंब, चिंच, आवळा असतात. यातली द्राक्षं आणि डाळिंबं तर इंदापूर-बारामतीच्या बागांतलीच. पाणी, साखर, आंबटपणा एकत्र देणारं हे पेय पोटाला नक्कीच बरं. मात्र 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात, हँगओव्हर टाळणारा किंवा बरा करणारा एकही उपाय ठामपणे सिद्ध झालेला आढळला नाही. बाजारातल्या गोळ्या-पुड्यांवर पैसे घालवण्याआधी हे लक्षात घ्या.

मग करायचं काय? लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पीत राहा. भाकरी कुस्करून ताकात घ्या, पेज घ्या, झोपा. पॅरासिटामॉल टाळा, दारूबरोबर ते यकृताला मारक ठरू शकतं. ॲस्पिरिन चिडलेल्या जठराला आणखी चिडवतं. गावात ‘एक बाटली चढवा’ म्हणण्याची पद्धत आहे. तोंडानं पाणी पोटात ठरत असेल तर सलाईनची गरज नसते. रोज पिणाऱ्याला तर आधी बी-वन जीवनसत्त्व न देता ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. टाळण्याचा भरवशाचा मार्ग एकच, कमी पिणं किंवा न पिणं. जेवून बसलात तर दारू सावकाश चढते, मधेमधे पाणी प्यायलात तर कोरड कमी पडते. त्यापलीकडे काही नाही.

आणि उतारा? तो साध्या दारूतही किंचित असणाऱ्या मिथेनॉलचं विघटन तेवढा वेळ लांबवतो, म्हणून डोकं थांबल्यासारखं वाटतं, आणि रोजच्या पिणाऱ्याच्या हाताचा कंपही थांबवतो. संध्याकाळी डोकेदुखी आणि कंप दोन्ही हजर. ज्याला सकाळी उताऱ्यावाचून कप धरता येत नाही, त्याला हँगओव्हर नाही, व्यसनाचा आजार आहे.

त्या ट्रॅक्टरवाल्याची बायको पुढे एकदा भेटली. “दादा, खोलीत कोंडून ठिवलं तर सुटंल का हो?” कडी लावण्याइतकी ती वैतागली होती. मी तिला कळवळून नको म्हटलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भास होतात, माणूस वेडंवाकडं बोलू लागतो, जिवावरही बेततं. हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं घेऊनच काढावे लागतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथं घरच्यांशीही बोलतात, हे सांगितलं. तिनं पदराच्या गाठीतून कागद काढला आणि नाव लिहून द्या म्हणाली. मागच्या बाजूला पाहिलं, तर तो सातबाराच होता.