आधी केबल, मग हिशेब

नोव्हेंबर २००७ च्या निवडणुकीत ऑस्ट्रेलियाच्या लेबर पक्षाने मतदारांना ब्रॉडबँडसाठी सांगितलेला आकडा होता ४.७ अब्ज डॉलर. ७ एप्रिल २००९ रोजी पंतप्रधान केव्हिन रड आणि दळणवळण मंत्री स्टीफन कॉन्रॉय यांनी नवा आकडा जाहीर केला: ४३ अब्ज. मधल्या काळात निविदा मागवून झाल्या होत्या. देशभरची तांब्याची तार जिच्या मालकीची, ती टेल्स्ट्रा कंपनी मोजक्या पानांचा, अटींत न बसणारा प्रस्ताव देऊन बाद झाली. उरलेल्यांपैकी एकाचाही प्रस्ताव तज्ज्ञ समितीला पटला नाही. मग सरकारने ठरवले, कंपनी आपणच काढू आणि ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेऊ, तेही आठ वर्षांत. एवढ्या मोठ्या धोरणाची तयारी ११ आठवड्यांत उरकली होती, असे २०१४ च्या चौकशी अहवालात बिल स्केल्स यांनी नोंदवले.

शंकेखोरांचा मुख्य प्रश्न साधा होता: हिशेब कुठे आहे? मोठे प्रकल्प तपासून घेण्यासाठी याच सरकारने २००८ मध्ये ‘इन्फ्रास्ट्रक्चर ऑस्ट्रेलिया’ ही संस्था स्थापन केली होती. ब्रॉडबँडचा प्रकल्प तिच्याकडे गेलाच नाही. विरोधी बाकांवरून माल्कम टर्नबुल खर्च-लाभाच्या तपासणीची मागणी करत राहिले आणि कॉन्रॉय ती फेटाळत राहिले. मॅकिन्झी आणि केपीएमजी यांनी मे २०१० मध्ये अंमलबजावणीचा जाडजूड अहवाल दिला खरा, पण प्रकल्प कसा राबवावा एवढेच त्यांना विचारलेले होते; तो करावा का, हे नव्हे. त्या वर्षी नोव्हेंबरात टेल्स्ट्राशी संबंधित विधेयक सिनेटमध्ये अडले. अपक्ष सदस्य निक झेनोफन यांनी व्यवसाय आराखडा आधी दाखवा, असा हट्ट धरला, तेव्हा कुठे ३६ पानांचा सारांश बाहेर आला. सविस्तर आराखड्यासाठी डिसेंबर उजाडला.

त्यात भांडवली खर्च होता ३५.९ अब्ज डॉलर आणि अपेक्षित परतावा ७.०४ टक्के. हा परतावा दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हते. कंपनीत घातलेला सरकारी पैसा अर्थसंकल्पात खर्च म्हणून न धरता गुंतवणूक म्हणून धरायचा, तर तो नफ्यासह परत येईल असे कागदावर दिसायला हवे होते. तसे दिसले, म्हणून हे अब्जावधी डॉलर तुटीच्या आकड्यात आले नाहीत. पण परतावा दाखवला की तो कुणाकडून तरी वसूल करावाच लागतो.

सरकारने काढलेली ही कंपनी, एनबीएन, घाऊक विक्रेती. टेल्स्ट्रा, ऑप्टस, टीपीजी यांसारख्या कंपन्या तिच्याकडून जोडण्या घेतात आणि ग्राहकांना विकतात. तिने दोन प्रकारचे दर लावले: एक प्रत्येक जोडणीचे भाडे आणि दुसरा सगळ्या ग्राहकांनी मिळून वापरायच्या क्षमतेचा, म्हणजे सुरुवातीला दर एमबीपीएसला महिन्याकाठी २० डॉलर. लोकांचा वापर वाढेल तसा महसूल वाढेल, असा होरा होता. किरकोळ कंपन्यांनी मात्र हात आखडता घेतला आणि क्षमता बेताचीच विकत घेतली. मार्च २०१५ मध्ये नेटफ्लिक्स ऑस्ट्रेलियात दाखल झाले. मग रात्रीची जेवणे उरकून सगळे पडद्यासमोर बसले की वेग गडगडायचा. केबलमध्ये जागा होती, पण ती घ्यायला कंपन्या पैसे मोजायला तयार नव्हत्या.

कामाचे वेळापत्रकही कोलमडले. जून २०१३ पर्यंत ३ लाख ४१ हजार घरांच्या दारापर्यंत फायबर न्यायचे ठरले होते. मार्चमध्ये हे लक्ष्य १ लाख ९० हजार ते २ लाख २० हजारांवर आणावे लागले. त्यातच टेल्स्ट्राच्या जुन्या खड्ड्यांत ॲसबेस्टॉस सापडल्याने काही ठिकाणचे काम थांबले.

सप्टेंबर २०१३ मध्ये सत्ता पालटली आणि हिशेब मागणारे टर्नबुल स्वतःच दळणवळण मंत्री झाले. गल्लीतल्या पेटीपर्यंत फायबर, तिथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार, खर्च २९.५ अब्ज, काम लवकर, ही त्यांची योजना. तीन महिन्यांतच कंपनीच्या आढाव्याने तो आकडा ४१ अब्जांवर नेला आणि अखेरीस तो ५१ अब्जांच्या घरात पोहोचला. ऑप्टसचे केबल जाळे ८० कोटी डॉलरला घेण्याचा करार झाला. पुढे त्यातले बहुतेक वापरायचेच नाही असे ठरले.

बहुचर्चित खर्च-लाभ तपासणी अखेर २०१४ मध्ये झाली, पण तीही धोरण ठरल्यानंतर. व्हर्टिगन समितीने नव्या सरकारच्या संमिश्र जाळ्याला झुकते माप दिले. २०२३ मध्ये मध्यम वापराच्या घराला १५ एमबीपीएस पुरतील, असा अंदाज त्या हिशेबात धरला होता. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी ५० एमबीपीएसची योजना सर्वाधिक खपाची ठरली.

म्हणजे आकड्यांची घाई दोन्ही पक्षांना नडली. परताव्याचा अंदाज तीन टक्क्यांच्या आसपास घसरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेल्स्ट्राला सुमारे ४२ हजार ग्राहकांना भरपाई द्यायचे कबूल करावे लागले, कारण त्यांनी पैसे मोजलेला वेग त्यांच्या तारेला झेपतच नव्हता. तोवर पंतप्रधान झालेल्या टर्नबुल यांनी ही सरकारी कंपनी काढणे हीच मुळात चूक होती असे सांगून न्यूझीलंडकडे बोट दाखवले. तिथे सरकारने जुन्या दूरसंचार कंपनीचे विभाजन घडवले, निघालेल्या ‘कोरस’ला आणि स्थानिक कंपन्यांना भागीदार केले आणि थेट घरापर्यंत फायबर नेले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एनबीएनने किरकोळ कंपन्यांना ४० टक्क्यांपर्यंत जादा क्षमता विनाशुल्क दिली. घरूनच काम आणि घरूनच शाळा सुरू झालेल्या देशाचा भार जाळ्याने पेलला. त्याच वर्षी सप्टेंबरात, तांब्याची तार राखणाऱ्याच सरकारने तांब्यावरच्या लाखो घरांना फायबर देण्यासाठी साडेतीन अब्जांची योजना जाहीर केली. क्षमतेवरचा तो वादग्रस्त दर टप्प्याटप्प्याने बंद करण्याला स्पर्धा आयोगाची संमती मिळायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. तांब्यावरच राहिलेल्या सव्वासहा लाखांच्या आसपास घरांसाठी जानेवारी २०२५ मध्ये सरकारने आणखी तीन अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद जाहीर केली.

२००९ च्या घोषणेत खासगी गुंतवणूकदारांसाठी ४९ टक्क्यांपर्यंत हिस्सा मोकळा ठेवला होता आणि जाळे पूर्ण झाल्यावर पाच वर्षांत सरकार आपला वाटा विकणार होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लेबर सरकारने संसदेत विधेयक आणले ते ही कंपनी कायम सरकारी मालकीची ठेवण्याचे.