वसईची भूमी आणि तिचे गोडे पाणी

पश्चिम रेल्वेने मुंबईहून उत्तरेकडे जाताना भाईंदर स्थानक मागे पडले की गाडी वसईच्या खाडीवरील पुलावर येते. पलीकडे वसई तालुका सुरू होतो. दक्षिणेस ही खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा चतुःसीमांत ही भूमी वसली आहे.

समुद्राकडून डोंगराकडे गेल्यास तिचे निरनिराळे पट्टे दिसतात. किनाऱ्यावर पाचूबंदर, अर्नाळा यांसारखी कोळी गावे आहेत. त्यांच्या आत निर्मळ, नंदाखाल, आगाशी या बाजूचा वाड्यांचा पट्टा लागतो. केळी, पानवेली, फुले व भाजीपाला यांवर सामवेदी आणि वाडवळ कुटुंबांनी येथे पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. त्यापुढे खाजण व मिठागरांची सखल जमीन, मग रेल्वेलगतची दाट वस्ती आणि शेवटी डोंगरपायथ्याचे आदिवासी पाडे येतात.

वाड्यांचा आधार म्हणजे बावखले. पावसाचे पाणी या गोड्या पाण्याच्या तळ्यांत साठते, जमिनीत मुरते आणि विहिरींना पुरवठा करते. पूर्वी रहाटाने बेताचेच पाणी निघे. पंपाने बेसुमार उपसा झाला की भूगर्भातील गोड्या पाण्याची पातळी खालावते व समुद्राचे खारे पाणी आत शिरते. अशी खारावलेली विहीर पूर्ववत होण्यास फार काळ लागतो. याच चिंतेतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीत सर्व धर्मांचे लोक एकत्र आले होते.

२००९ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबांना नालासोपारा-विरारने निवारा दिला. त्यांना परके मानणे ख्रिस्ती वृत्तीस शोभणारे नाही. मात्र डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी याच सखल पट्ट्यातून समुद्राकडे जाते. खाजणात भराव पडला आणि नाले अरुंद झाले, तर त्या पाण्याने जावे कोठे? जुलै २०१८ मध्ये रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला आणि मिठागरांतील वस्ती वेढली गेली, तेव्हा याचे उत्तर सर्वांनी पाहिले. पुराने जुना रहिवासी आणि नवा रहिवासी असा भेद केला नाही.

म्हणूनच बावखल ही पडीक जागा नव्हे. भराव घालण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या व शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करावा. गाळ काढून बावखले जिवंत ठेवणे हे आपल्या धर्मग्रामांना सहज करता येण्याजोगे कार्य आहे.